वेबपानात घटक जोडणे

वेबपानात घटक जोडणे : ब्राउझरमध्ये उघडलेले पान पुन्हा न मागवता जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेने त्यात नवी ओळ, बटण, चित्र असे घटक तयार करून बसवणे. एचटीएमएल (पानाची रचना लिहिण्याची भाषा) वाचताना ब्राउझर मेमरीत घटकांचे एक झाड उभे करतो. त्याला डॉम म्हणतात. बदल होतात ते या झाडात. सर्व्हरवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते, म्हणून पान रिफ्रेश केले की जोडलेले सारे नाहीसे होते. शिकाऊंना पहिला धक्का बहुधा इथेच बसतो.

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ साली लिहिली. सुरुवातीला मजकूर घालायला ‘डॉक्युमेंट.राइट’ वापरत. पान पूर्ण उतरल्यावर ते चालवले तर आधीचे अख्खे पान पुसले जाते. नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आजच्या पद्धतीचा पाया डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १ ऑक्टोबर १९९८ रोजी मान्य केलेल्या डॉम मानकाच्या पहिल्या पातळीत आहे.

‘क्रिएटएलिमेंट’ने घटक घडवायचा, ‘टेक्स्टकंटेंट’ने त्यात मजकूर भरायचा आणि ‘अपेंडचाइल्ड’ने तो पानावरच्या एखाद्या घटकाच्या पोटात बसवायचा. शेवटचे पाऊल राहिले तर घटक मेमरीत असतो, पडद्यावर नसतो, आणि एररही येत नाही.

नागपूर मेट्रोच्या स्थानकांची यादी हे सरावासाठी चांगले उदाहरण. ऑरेंज मार्गिकेच्या यादीत कस्तुरचंद पार्कनंतर थेट सीताबर्डी लिहिले गेले आणि मधले झिरो माइल सुटले, असे समजू. ‘अपेंडचाइल्ड’ नवा घटक नेहमी शेवटी टाकतो, म्हणजे झिरो माइल पार खापरीच्या पुढे जाऊन पडेल. इथे ‘इन्सर्टबिफोर’ हवा : नवा घटक कोणता आणि तो कोणाच्या आधी, हे दोन्ही त्याला सांगावे लागते.

खरी गंमत बर्डीची. (सीताबर्डीला नागपूरकर बर्डीच म्हणतात.) हे स्थानक ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिकांवर आहे. पण ऑरेंजच्या यादीतला तोच घटक अ‍ॅक्वाच्या यादीत जोडला, तर तो पहिल्या यादीतून गायब होतो. झाडातला घटक एका वेळी एकाच फांदीवर राहतो. जोडणे म्हणजे त्याची नक्कल करणे नव्हे, त्याला उचलून नेणे. दोन्हीकडे बर्डी हवी असेल तर ‘क्लोननोड’ने प्रत काढावी. त्याला ‘ट्रू’ दिले नाही तर आतला मजकूर येत नाही, ओळ रिकामी दिसते. ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ने लावलेले क्लिकचे काम तर ‘ट्रू’ देऊनही प्रतीत उतरत नाही. ते पुन्हा लावावे लागते.

‘इनरएचटीएमएल’मध्ये मजकूर चिकटवत जाणे सोपे वाटते. पण त्यात ब्राउझर त्या यादीच्या आतले सगळे घटक मोडून नव्याने घडवतो, आणि जुन्या ओळींवर असे लावलेले क्लिक मुके होतात. वाचकाने फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर या मार्गाने कधीच घालू नये. त्यातून परका कोड पानात शिरू शकतो. ‘टेक्स्टकंटेंट’ तोच मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून दाखवतो.

सगळे बरोबर लिहूनही ‘नल’ची (म्हणजे शोधलेला घटक सापडलाच नाही, अशी) एरर आली, तर बहुधा स्क्रिप्ट यादीच्या आधी चाललेली असते. वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टच्या टॅगला ‘डिफर’ लावले की ती झाड पूर्ण उभे राहीपर्यंत थांबते.