रायफलच्या दस्त्यात दडलेली नळी

एआर-१५ किंवा एम-१६ जातीच्या रायफलचा दस्ता काढला, की आत ॲल्युमिनियमची एक जाड नळी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती दस्ता बसवायची दांडी वाटते. ते काम ती करतेच, पण मुख्य कारभार तिच्या पोटात चालतो. आत एक लांब स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडाशी ‘बफर’ नावाचा वजनदार दट्ट्या. गोळी सुटली की बोल्ट (काडतुसामागे बॅरल बंद करणारा भाग) आणि त्याला वाहून नेणारा कॅरियर मागे झेपावतात, बफरला रेटत स्प्रिंग दाबतात, आणि तीच स्प्रिंग सगळ्यांना पुन्हा पुढे लोटते. परतताना बोल्ट मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलतो. मिनिटाला ८०० गोळ्यांच्या वेगाने हे चाललं, तर एका फेरीला ७५ मिलिसेकंद मिळतात.

ही रचना युजीन स्टोनर यांची. १९५० च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या आर्मालाइट कंपनीत होते. त्याआधीच्या लाकडी रायफलींचा दस्ता बॅरलच्या रेषेखाली झुकलेला असे. धक्का बॅरलच्या रेषेत मागे येणार आणि खांदा त्याला खालून अडवणार. मग रायफलचं तोंड वर उचललं जाणारच. स्टोनर यांनी बॅरल, बोल्ट, स्प्रिंग आणि खांदा एकाच सरळ रेषेत आणले. ५.५६ मिमीची जुनी एम-१९३ गोळी साडेतीन ग्रॅमची, पण सुटते सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने. तिचा संवेग साडेतीन किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच उलटा संवेग रायफलला मिळतो, शिवाय तोंडातून सुटणाऱ्या वायूची भर वेगळी. धक्का कमी होत नाही, पण सरळ मागे येतो.

याची किंमतही आहे. दस्त्यात स्प्रिंग आली की दस्ता सहजासहजी दुमडता येत नाही. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलमध्ये एके-४७ प्रमाणेच स्प्रिंग वरच्या झाकणाखाली असते, त्यामुळे तिचा दुमडता दस्ता करता आला. २०१९ मध्ये भारतीय सैन्याने ज्या ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, त्या मात्र स्टोनर यांच्या घराण्यातल्या. त्यांच्या दस्त्यात ही नळी आहेच.

बफरचं महत्त्व व्हिएतनाममध्ये फार महागात कळलं. १९६४ च्या सुमारास अमेरिकी सैन्याने एम-१६ च्या काडतुसातली दारू बदलली. बॅरलमधल्या ज्या छिद्रातून थोडा वायू बोल्टला मागे ढकलायला जातो, तिथे नव्या दारूने दाब वाढला, बोल्ट जास्त जोरात मागे येऊ लागला आणि गोळीबाराचा वेग हजाराच्या आसपास गेला. रायफली अडकू लागल्या, जवान मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली, तेव्हा दोष एकट्या दारूचा नव्हता. बॅरलच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचं साहित्य पुरेसं नव्हतं. पण उपायांपैकी एक होता नवा, जड बफर.

त्याची कल्पना मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत चतुर वाटते. बफरच्या पोटात सुटी पोलादी वजनं ठेवली, मध्ये रबराच्या चकत्या. कॅरियर पुढे येऊन आदळतो तेव्हा तो उसळी मारून किंचित मागे येऊ पाहतो. नेमक्या त्याच क्षणी घोडा पडला, तर बोल्ट पुरता बंद नसल्याने बार फुसका जाऊ शकतो. सुटी वजनं मात्र जरा उशिरा पुढे येऊन धडकतात आणि ती उसळी जागीच मारतात. वाळूची पिशवी जमिनीवर टाकली तर उसळत नाही, त्यातलाच प्रकार. कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलचा, बफर साधारण ८५ ग्रॅमचा. लांबी न वाढवता तो जड करायचा तर पोलादाऐवजी टंगस्टन भरतात, कारण त्याची घनता पोलादाच्या जवळजवळ अडीचपट.

आता जुळणी. अमेरिकेत हौशी लोक घरच्या टेबलावर ती करतात आणि चुका बहुधा इथेच होतात. नळी रिसिव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या मधल्या मुख्य सांगाड्यात, आट्यांनी बसते. इंचाला १६ आटे, म्हणजे एका फेऱ्याला १.६ मिलिमीटर. कार्बाइनच्या नळीखाली दस्ता सरकवायचा कणा असतो आणि तो सरळ खालीच यावा लागतो. पाव-अर्ध्या फेऱ्यावर थांबायची सोय नाही. रिसिव्हरच्या तळाशी स्प्रिंगवर उभी एक छोटी खुंटी असते. रायफल उघडल्यावर बफर बाहेर उडू नये म्हणून ती. नळीच्या पुढच्या ओठाने या खुंटीची कड झाकायची, पण मधली सोंड मोकळी ठेवायची. फेरा कमी पडला तर खुंटी निसटून ट्रिगरच्या यंत्रणेत जाते. जास्त झाला तर ओठ सोंडेवर चढतो आणि खुंटी दाबताच येत नाही. रायफल बंद असताना कॅरियर बफरला खुंटीपासून केसभर मागे धरतो. तसं झालं नाही, तर प्रत्येक फेरीत बफर खुंटीवरच आपटत राहतो आणि ती झिजते किंवा मोडते.

मागून खाचांचा नट आवळतात आणि शेजारच्या पट्टीचा धातू पंचाने ठोकून त्याच्या खाचेत शिरवतात, कारण धक्क्यांनी नट सैल पडतो. दस्ता निवडतानाही माप बघावं लागतं: सैनिकी मापाची नळी २९.२ मिलिमीटर व्यासाची, बाजारी मापाची २९.७. अर्ध्या मिलिमीटरचाच फरक, पण सैनिकी मापाचा दस्ता बाजारी नळीवर चढत नाही आणि बाजारी दस्ता सैनिकी नळीवर खुळखुळतो.