वाडन समुद्र: तीन देशांचं सहकार्य वेगळं, जागतिक वारसा वेगळा

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला वाडन समुद्र दिवसातून दोनदा ओहोटीला मागे सरतो आणि मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. दरवर्षी सुमारे एक कोटी स्थलांतरित पक्षी त्या चिखलातल्या किडे-शिंपल्यांवर पोट भरून पुढच्या प्रवासाला लागतात. युनेस्कोची मोहोर पाहून वाटतं, तीन देशांना तिनंच एकत्र आणलं असावं. घडलं नेमकं उलटं.

तिन्ही सरकारांची पहिली बैठक १९७८ची, समुद्र जपण्याचा संयुक्त जाहीरनामा १९८२चा आणि जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनचं सामायिक सचिवालय १९८७चं. जागतिक वारसा यादीत डच भाग आणि बहुतेक जर्मन भाग २००९ मध्ये गेला, डॅनिश भाग तर २०१४ मध्ये.

तो जाहीरनामा कायद्यानं कुणालाच बांधत नाही. ऐकायला पोकळ वाटतं, पण रोजचं काम त्यातूनच चालतं. १९८८ मध्ये विषाणूच्या साथीनं इथले निम्म्याहून अधिक सील (समुद्री सस्तन प्राणी) दगावले, तेव्हा मात्र नुसत्या शब्दांवर भागेना. १९९० मध्ये सीलसाठी स्वतंत्र, बंधनकारक करार झाला. सील सीमा पाळत नाहीत. प्रत्येक देशानं आपल्या सवडीनं मोजले, तर एकच सील दोनदा मोजला जाईल किंवा सुटून जाईल. म्हणून तारखा आधी ठरवतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिल्लांच्या दिवसांत आणि ऑगस्टमध्ये केस गळतीच्या काळात, ओहोटीला वाळूच्या पट्ट्यांवर पहुडलेले सील विमानातून मोजले जातात. माझ्या मते सहकार्य म्हणजे काय, ते या मोजणीइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

वारसा दर्जाचं काम निराळं. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २१ देशांची समिती एखाद्या जागेचं जगाच्या दृष्टीनं मोल आहे की नाही, ते ठरवते. नंतर त्या देशांना अहवाल द्यावे लागतात आणि हयगय झाली तर नाव कापलंही जातं. स्पेनमधल्या सेव्हिलच्या ज्या अधिवेशनात २००९ मध्ये वाडन समुद्र यादीत आला, त्यातच नव्या पुलापायी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचं एल्बे नदीचं खोरं यादीतून गेलं. म्हणजे समिती सील मोजायला येत नाही, पण दर्जा काढून घेऊ शकते. सचिवालयाकडे असं कुठलंच हत्यार नाही.

हद्दीही एक नाहीत. सहकार्याच्या क्षेत्रात वस्तीची बेटं येतात, वारसा क्षेत्रातून ती वगळली आहेत. जर्मन किनाऱ्याजवळ मिटलप्लाटे इथं १९८७पासून तेल काढलं जातं. चहूबाजूंनी राष्ट्रीय उद्यान असूनही तो तुकडा वारशाच्या नकाशाबाहेर ठेवलेला आहे. त्यामुळे ‘वारसा क्षेत्रात तेल उत्खनन होत नाही’ हे विधान खरं असतं, आणि वाडन समुद्रातून तेल निघतं हेही.