खरेदी विभागासाठी गरजेनुरूप प्रशिक्षण

एखाद्या कंपनीचा माल, तिचे पुरवठादार आणि तिच्या नेहमीच्या अडचणी पाहून तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांसाठी आखलेला अभ्यासक्रम. खरेदीशास्त्राचे सर्वसाधारण शिक्षण भारतात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्था देते. तिचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. तो पाया झाला. कंपनीतले प्रशिक्षण त्यापुढे सुरू होते.

आखणीची सुरुवात जुन्या पर्चेस ऑर्डरी चाळण्यापासून करावी. कोणत्या वस्तू वर्षात दहादा ‘अर्जंट’ मागवल्या, कोणत्या एकाच पुरवठादाराकडून येतात, कुठे एका ऑर्डरीचे तुकडे पाडले, हे फायलीत दिसते. व्यवस्थापनाची मागणी बहुधा ‘आमच्या लोकांना वाटाघाटी शिकवा’ अशी असते. फाइल उघडली की कळते, इंडेंटच (विभागाची मालाची लेखी मागणी) माल संपल्यावर आलेला आहे. यंत्र थांबायला दोन दिवस उरले असताना कितीही तयारीचा माणूस भाव पाडू शकत नाही. अशा ठिकाणी स्टोअर्स आणि उत्पादन विभागाची माणसेही वर्गात बसवावी लागतात. एकट्या खरेदीवाल्यांना शिकवून दोष त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे आहे.

व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेला चौकोनी तक्ता जवळपास सगळीकडे शिकवतात. वस्तूचा नफ्यावरील परिणाम आणि पुरवठ्यातील जोखीम या दोन कसोट्यांवर त्यात खरेदीचे चार गट पडतात. तक्ता पाठ करून घेण्यात अर्थ नाही. सहभागींनी त्यात आपल्याच वस्तू भरायला हव्यात. साखर कारखान्यातले बेअरिंग ऐन गळीत हंगामात मिळाले नाही तर गाळप अडते. तेच हंगाम संपल्यावर चार ठिकाणी भाव काढून निवांत घेता येते. वस्तू तीच, महिन्यागणिक चौकोन बदलतो.

तुलना तक्त्याचा सरावही असाच हाताने करायचा. समजा, एका पुरवठादाराचा भाव नगाला १०० रुपये, पण माल आपण उचलायचा आणि पैसे आगाऊ. दुसऱ्याचा १०४ रुपये, माल पोच, पैसे तीस दिवसांनी. पहिल्याच्या भावात ४ रुपये भाडे आणि २ रुपये पॅकिंग मिळवले की तो १०६ वर जातो, आगाऊ पैशांवरचे व्याज वेगळेच. ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी भावाचा पुरवठादार, कोण हे ठरवायच्या आधी ही बेरीज ज्याने स्वतः मांडली, तो पुढे भावाच्या रकान्यावरच थांबत नाही.

कायद्याचा भाग कंपनीप्रमाणे बदलतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ आणि सरकारी खरेदीसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन जेम पोर्टल सोडून चालत नाही. खासगी उद्योगाला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा माहीत हवा: सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. लहान वर्कशॉपवाल्याचा महिन्याचा पगार या तारखांवर अवलंबून असतो, म्हणून हा विषय शेवटच्या अर्ध्या तासात उरकू नये.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम या चार पायऱ्या रूढ आहेत. शेवटच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्राय ही फक्त पहिली पायरी. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच विभागाच्या ऑर्डरी काढाव्यात आणि ‘अर्जंट’ शिक्के मोजावेत.