हात फिरवणं आणि पुन्हा लिहिणं

दोन पावसाळे मी कादंबरीच्या पहिल्या प्रकरणावर काढले. ४० पानांचं प्रकरण. रात्री जेवणं उरकली की फाइल उघडायची, पहिल्या ओळीपासून वाचत जायचं, इथला 'आणि' काढायचा, तिथलं विशेषण बदलायचं, एखादा परिच्छेद वर घ्यायचा. कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायचो, "सध्या पुनर्लेखन चाललंय." मग बाड एका जाणत्या संपादकांना वाचायला दिलं. महिन्याभराने ते परत आलं. ६२व्या पानावर पेन्सिलीची एक आडवी रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, "इथून सुरू होते."

म्हणजे ज्या ४० पानांवर मी दोन पावसाळे घासले, ती कादंबरीत नव्हतीच. आणि ज्याला मी पुनर्लेखन म्हणत होतो, ते नुसतं हात फिरवणं होतं.

नवीन लिहिणारे आपण सगळेच या दोन कामांची गल्लत करतो, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. माणूस फाइल उघडून बसलाय, कपाळाला आठ्या, चहा गार झालाय. हात फिरवताना मजकूर जसा आहे तसा मान्य केलेला असतो. दृश्य तेच, क्रम तोच, सांगणारा तोच. वाक्य घट्ट करायचं, लागोपाठच्या चार वाक्यांच्या शेवटी 'होता-होती-होते' आलं असेल तर मोडायचं, 'अचानक', 'जणू काही', 'खरं तर' उपटायचे. पुनर्लेखनात मजकुराला मान्यताच दिलेली नसते. हे दृश्य हवं का? ते याच माणसाच्या नजरेतून का? वाचकाला ही गोष्ट आत्ताच का कळते? तिसरं एक काम आहे, मुद्रितशोधन. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, सुटलेली ओळ. ते छापण्याआधी, अगदी शेवटी. युनिकोडमधला मजकूर प्रकाशकाच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात, त्यामुळे त्याआधी केलेलं शुद्धलेखन निम्मं वाया जातं. एवढं सांगून त्याला इथेच सोडतो.

फरक नुसता सांगून कळत नाही, म्हणून माझंच लाजिरवाणं उदाहरण देतो. वडील वारल्यावर धाकटा मुलगा गावी येतो, एवढा प्रसंग. पहिल्या खर्ड्यात असं होतं:

"सकाळची वेळ होती. एसटी स्टँडवर प्रचंड गर्दी होती. विनायक गाडीतून खाली उतरला. अण्णा कधीच कुणाला आणायला किंवा पोचवायला स्टँडवर येत नसत, हे त्याला आठवले आणि त्याचे मन दुःखाने भरून आले. जड पावलांनी तो रिक्षाकडे वळला."

दोन पावसाळ्यांनंतर:

"सकाळीच स्टँड गजबजला होता. विनायक एसटीतून उतरला. अण्णा कधी कुणाला आणायला स्टँडवर आले नाहीत, हे आठवले आणि त्याच्या पोटात कालवले. तो रिक्षाकडे वळला."

आधीपेक्षा बरं आहे, नाकारत नाही. जड पावलं गेली, भरून येणारं मन गेलं. पण माणूस अजून स्टँडवरच उभा आहे. रिक्षा अजून व्हायची आहे, रिक्षातून दिसणारी शाळा, शाळेवरून आठवणारं बालपण, सगळं व्हायचं आहे. पेन्सिलीच्या रेघेनंतर मी ती फाइल बंद केली आणि कोऱ्या पानावर सुरुवात केली:

"दादा ओटीवर बसला होता. डोळ्यांवर अण्णांचा चष्मा. नंबर लागत नसावा. सातबाऱ्याचा उतारा त्याने हातभर लांब धरला होता.

'पाणी देऊ का, भावोजी?' वहिनीने आतून विचारले.

'तलाठी अकरापर्यंतच असतो,' दादा कागदावरून मान न उचलता म्हणाला. 'चहा आल्यावर घे.'"

स्टँड गेला, रिक्षा गेली, दुःख हा शब्दही गेला. पहिल्या बाडात दादा थेट ६०व्या पानापलीकडे यायचा, आता पहिल्याच ओळीत आला. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे चष्मा. तो मला आधी ठाऊकच नव्हता. स्टँडवरची वाक्यं शंभर वेळा घासली असती तरी तो सापडला नसता, कारण तो त्या जागी नव्हता. हात फिरवताना पानावर जे आहे तेवढंच हाताला लागतं.

या फरकाचं जगातलं सगळ्यात उघडं उदाहरण अमेरिकन लेखिका हार्पर ली यांचं. १९५७ साली त्यांनी लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेला दिलेल्या बाडात २६ वर्षांची जीन लुईस न्यूयॉर्कहून आपल्या गावी येते आणि वडिलांचं वेगळंच रूप तिला दिसतं. निवेदन तृतीयपुरुषी. संपादक टे होहॉफ यांच्याबरोबर पुढची दोन-अडीच वर्षं काम झालं आणि १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' बाहेर आलं. त्यात तीच मुलगी लहान आहे, आणि स्वतःच्या तोंडून सांगते आहे. जुनं बाड 'गो सेट अ वॉचमन' या नावाने २०१५ साली जसंच्या तसं छापलं गेलं, म्हणून आपल्याला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. जुन्या बाडात एका कृष्णवर्णीय माणसावरचा खटला ओझरता येतो आणि तो निर्दोष सुटतो. नव्या कादंबरीचा कणा तो खटलाच आहे, आणि तिथे तो माणूस दोषी ठरतो. मला गंमत वाटते ती पुढची: गावाच्या इतिहासाच्या, आत्याच्या वर्णनाच्या काही ओळी दोन्हींत जवळपास शब्दशः सारख्या आहेत. वाक्यं तशीच राहिली, पुस्तक मात्र दुसरंच झालं.

म्हणजे किती शब्द बदलले यावरून काम कोणतं हे ठरवता येत नाही. प्रत्येक वाक्य बदलूनही माणूस निव्वळ हात फिरवत असू शकतो. आणि उलटही होतं, एकच शब्द बदलला आणि पुनर्लेखन गळ्यात पडलं. मराठीत तर फारच. नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बायको तुम्ही 'अरे' म्हणणारी केलीत, तर तो शब्द बदलायला तुम्हाला शोधा-बदला करून एक मिनिट लागेल. पण मग त्यांचं लग्न कसं ठरलं, सासूबाई समोर असताना ती काय करते, १८०व्या पानावर भांडताना ती 'तुम्हाला काही कळतं का' म्हणून जो टोमणा मारते त्याचं काय, हे सगळं मोडतं. 'अहो' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा 'अरे' निघतं त्या क्षणावर तुमचं एखादं प्रकरण उभं असेल, तर तेही गेलंच. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा ताप येत नाही, आणि ही मजाही येत नाही.

मी स्वतः वापरतो ती कसोटी याच अनुभवातून आली. एक गोष्ट बदलली आणि बाकीचं पुस्तक ढिम्म राहिलं, तर ते हात फिरवणं. धागा ओढल्यावर दूरच्या पानावर कुठेतरी चुणी पडली, तर पुनर्लेखन.

कसोटी सापडायच्या आधी मी तोंडघशी पडलो तो किस्साही सांगायला हवा. वरचे नमुने पाहा, निवेदन 'केले-गेले-आठवले' असं पुस्तकी आहे. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी वाटलं, ते 'केलं-गेलं-आठवलं' असं बोलतं करावं. किरकोळ काम, हात फिरवला की झालं! सगळीकडे 'केले'च्या जागी 'केलं' आणि 'गेले'च्या जागी 'गेलं' असा हुकूम सोडला. बाडभर 'केलेल्या'चं 'केलंल्या' झालं. 'लोक निघून गेले'चं 'लोक निघून गेलं'. आणि पहिल्याच प्रकरणात, जिथे दादा फोनवर सांगतो "अण्णा गेले", तिथे "अण्णा गेलं". त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून फिरायला गेलो.

ते अनुस्वार दोन रात्रींत दुरुस्त झाले. न झालेली गोष्ट वेगळीच होती. 'आठवले' लिहिणारा निवेदक गावाबाहेर उभा राहून पाहतो. 'आठवलं' म्हणणारा ओटीवर येऊन बसतो. तो ओटीवर बसला की त्याला विचारावंच लागतं, बाबा रे तू कोण, आणि तुला घरातलं एवढं कसं माहीत? त्याच्या तोंडी 'प्रांगण', 'विषण्ण' शोभेनात. वर्णनं लांबलचक वाटू लागली. ते उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून निमूटपणे 'केले'वर परत आलो.

या गल्लतीला कॉम्प्युटरचा हातभार मोठा आहे, असं माझं मत. फुलस्केपवर लिहायचे तेव्हा खाडाखोडीने कागद काळा झाला की पक्की प्रत करावीच लागायची. म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा मजकूर पुन्हा हाताखालून जायचा. नको असलेलं दृश्य दुसऱ्यांदा उतरवायचा कंटाळा यायचा आणि त्या कंटाळ्यातच त्याचा निकाल लागायचा. स्क्रीनवर मजकूर कायम पक्क्या प्रतीसारखाच दिसतो, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सरळ. मोडावासा वाटत नाही. म्हणून पुनर्लेखनाच्या वेळी मी जुनी फाइल उघडी ठेवत नाही. आठवेल तेवढं नव्याने लिहितो, आणि जे आठवत नाही ते बहुतेक वेळा नसलेलंच बरं असतं.

कोणतं काम कोणत्या टप्प्यावर करायचं याबद्दल मात्र फार सोवळं पाळू नये. अमेरिकन कादंबरीकार फिट्झगेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'बद्दल संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी नोव्हेंबर १९२४मध्ये कळवलं की गॅट्सबी हा माणूस धूसर राहतो, आणि त्याचं पूर्वायुष्य एकगठ्ठा न सांगता थोडंथोडं यावं. फिट्झगेराल्ड तेव्हा रोममध्ये होता. हातात छपाईचे गॅली प्रूफ आल्यावर, जिथे इतर लेखक काना-मात्रा पाहतात, तिथे त्याने गॅट्सबीचा भूतकाळ उचलून आधीच्या प्रकरणांत नेला. एप्रिल १९२५मध्ये पुस्तक निघालं. कागद मुद्रितशोधनाचा, काम पुनर्लेखनाचं. आपल्याकडे 'मौज' प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं नाव लेखक आजही काढतात ते याच कामासाठी. त्यांचं 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं, पण कथा तीनतीनदा पुन्हा लिहायला लावणाऱ्या संपादकाची कल्पना मराठीत त्यांच्यामुळे रुजली. आज पहिलं पुस्तक करणाऱ्याला असा माणूस भेटेलच असं नाही. मग प्रश्न स्वतःलाच विचारावे लागतात.

त्यासाठी मी खर्डा संपल्यावर आराखडा करतो. संपल्यावर, आधी नाही. आधी केलेला आराखडा म्हणजे काय व्हायला हवं याची इच्छा. नंतर केलेला म्हणजे पंचनामा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ठेवल्यात, एका पाठीवर एक दृश्य, एकच ओळ: या दृश्याने काय बदललं. ज्या पाठीवर लिहायला काही सुचत नाही ती बाजूला. माझ्या पहिल्या ४० पानांच्या अकरा पाठी झाल्या. नऊंवर काही लिहिता आलं नाही.

उलटा रोगही असतो, आणि तो लागलेली माणसं मी पाहिलीत. सहा वर्षांत सात पहिले खर्डे. दर वेळी नवा निवेदक, नवं गाव, आता तर नवं शतक. त्यांना हात फिरवायचीच भीती वाटते, कारण वाक्यावर वाक्य घासायला लागलं की पुस्तक संपायला येतं आणि मग ते कुणाला तरी वाचायला द्यावं लागतं. अशांना मी आता एवढंच विचारतो, की शेवटचं पान लिहिलंय का. शेवट लिहिल्याशिवाय पहिलं प्रकरण तिसऱ्यांदा लिहिणं म्हणजे ट्रेन कुठे जाणार हे न बघता खिडकीची जागा अडवणं. मी ज्या क्रमाने चुकलो त्याच्या बरोबर उलटं आता करतो: आधी शेवटापर्यंत वेडावाकडा खर्डा, मग पंचनामा, मग कोरं पान, आणि वाक्यांना हात सगळ्यात शेवटी. त्यालाही अपवाद एक ठेवलाय. एखादं वाक्य पाच वेळा घासूनही बसत नसेल तर ते वाक्य सोडून द्यायचं आणि दृश्य तपासायचं. बहुधा तिथे कुणीतरी नको ती गोष्ट बोलत असतं.

कापलेली ४० पानं मी 'गाळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. त्यातलं एकच वाक्य शेवटच्या बाडात आलं, १३१व्या पानावर. विनायकच्या मनातलं होतं, आता दादाच्या तोंडी आहे. वाटणीचे कागद झालेत, दोघांचं बोलणं बंद आहे, विनायक बॅग उचलून पायरी उतरतो, आणि दादा चपला शोधत म्हणतो, "अण्णा कधी कुणाला पोचवायला स्टँडवर आले नाहीत. थांब, मी येतो."