छुप्या जादुई ब्रिटनमागचा खरा इतिहास

लंडन तेच, रेल्वे स्टेशनं तीच, पाऊसही तोच. फक्त पडद्याआड जादूगारांची वेगळी वस्ती, त्यांच्या शाळा, त्यांचं सरकारी खातं आणि कुणाला सुगावा लागू नये म्हणून केलेले कडक नियम. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक 1997 साली आलं आणि असा ब्रिटन मराठी घरांतल्या पोरांनाही तोंडपाठ झाला. त्या कथाविश्वात जादूगार छळाला कंटाळून 1692 मध्ये जगाआड जातात. सेलमचे चेटकिणींचे खटले त्याच वर्षीचे, त्यामुळे साल पटतंही. पण सेलम अमेरिकेत. खुद्द इंग्लंडचा इतिहास उलगडला तर गाडी बरीचशी उलट्या दिशेने गेलेली दिसते. लोकांचा जादूवर विश्वास होता तोवर ती फारशी लपलेली नव्हतीच.

जॉन डी या माणसाकडेच बघा. पहिल्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त, 15 जानेवारी 1559, याने काढून दिला. थेम्सकाठी मॉर्टलेकला त्याचं घर आणि हजारो ग्रंथांचा संग्रह. गणित, नौकानयन, किमया आणि देवदूतांशी संवाद हे सगळं एकाच छपराखाली चालायचं, आणि राणी स्वतः तिथे येऊन जायची. त्याचा म्हणून ओळखला जाणारा काळा आरसा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्वालामुखीच्या काचेचा, तळहातापेक्षा मोठा, गुळगुळीत घासलेला. ही काच मेक्सिकोतल्या पाचुकाची, म्हणजे आरसा मूळचा ॲझ्टेक, हे 2021 मध्ये रासायनिक तपासणीने पक्कं झालं.

दरबारी डी होता, तसे गावोगावी ‘कनिंग मॅन’ आणि ‘कनिंग वुमन’ होते. आपल्याकडच्या देवरुष्याचं काम तेच त्यांचं: हरवलेली गाय शोधून देणं, चोर ओळखणं, कुणी केलेली करणी उतरवणं. कायद्याने हेही गुन्ह्यात बसत होतं, पण सगळ्या गावाला त्यांचं घर माहीत असायचं. करणी उतरवण्याच्या एका तोडग्याचा पुरावा 2004 मध्ये ग्रीनिचला जमिनीतून निघाला. सतराव्या शतकातली दगडी मातीची बाटली, उलटी पुरलेली, बूच शाबूत. आत लोखंडी खिळे, पितळी टाचण्या, केस, नखांचे तुकडे, खिळा आरपार गेलेला हृदयाच्या आकाराचा चामड्याचा छोटा तुकडा आणि माणसाचं मूत्र. त्या मूत्रात निकोटिनचा अंश सापडला, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला त्याला तंबाखूचं व्यसन होतं.

छळ झाला नाही असं अजिबात नाही. चेटकाविरुद्धचे कायदे 1542, 1563 आणि 1604 साली झाले. त्यातला शेवटचा पहिल्या जेम्सच्या काळातला. या राजाने चेटकावर स्वतः ग्रंथ लिहिला होता. केंटमधल्या नोल वाड्यात त्याच्यासाठी तयार केलेल्या खोलीत जमिनीच्या फळ्यांखालच्या तुळयांवर, चुलाण्याजवळ, 1606 च्या सुमारास सुतारांनी चेटूकरोधक खुणा कोरून ठेवल्या. लँकेशायरमधल्या पेंडलच्या खटल्यात 1612 मध्ये लँकेस्टरला 10 जण फासावर गेले. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत. जाळण्याची चाल स्कॉटलंडची. यादवीच्या धामधुमीत, 1645 ते 1647, मॅथ्यू हॉपकिन्सने पूर्वेकडच्या परगण्यांत चेटकिणी हुडकत धुमाकूळ घातला. ‘विचफाइंडर जनरल’ ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतली होती. पण 1692 उजाडेपर्यंत इंग्लंडमधली ही लाट ओसरलेली होती. जेन वेनहॅम या बाईला चेटकाबद्दल 1712 मध्ये शिक्षा सुनावली खरी, पण तिला माफी मिळाली.

माझ्या मते खरा सांधा बदलला तो 1735 च्या कायद्याने. या कायद्याने चेटूक हा गुन्हाच रद्द केला आणि चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कैद. सरकारी दप्तरात जादू उरलीच नाही. खरोखरीच्या जादूगारांना यापेक्षा सुरक्षित आडोसा मिळाला नसता. कादंबरीकारांनी या सालाकडे काणाडोळा का केला, याचं नवल वाटतं.

त्यानंतरच गुप्त मंडळींच्या कल्पनेला बहर आला, आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले. गिरगावात बिऱ्हाड थाटलं, आणि 1882 मध्ये मद्रासच्या अड्यारला हलेपर्यंत संस्थेचं ठाणं मुंबईतच होतं. हिमालयापलीकडे सिद्ध महात्म्यांचं एक गुप्त मंडळ आहे आणि त्यांची पत्रं आपल्याला येतात, असं ब्लाव्हाट्स्की सांगत. लंडनच्या चौकशी समितीने 1885 मध्ये हा सगळा बनाव ठरवला, पण कल्पना रुजली ती रुजलीच. लंडनमध्ये 1888 साली ‘गोल्डन डॉन’ हा जादूविद्येचा गुप्त संघ निघाला. त्यातही पडद्याआडून आज्ञा देणारे ‘गुप्त अधिपती’ होते. सभासदांनी लॅटिन वगैरे भाषांतली टोपणनावं घ्यायची आणि परीक्षा पास होत वरच्या पायरीवर चढायचं. कवी येट्स त्यात 1890 मध्ये दाखल झाला. संस्थापक वेस्टकॉट दिवसा लंडनमध्ये संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी होता. वरिष्ठांना कुणकुण लागली तेव्हा, 1897 मध्ये, त्याने संघातून अंग काढून घेतलं.

दोन शतकं जुना 1735 चा कायदा दुसऱ्या महायुद्धातही जिवंत होता. पोर्ट्समथला आत्मे बोलावण्याची बैठक चालू असताना पोलिसांनी धाड घातली आणि 1944 मध्ये ती बैठक घेणाऱ्या हेलन डंकन या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली. ‘बारहॅम’ युद्धनौका बुडाल्याची बातमी सरकारने दाबून ठेवली असताना तिने त्या नौकेवरच्या खलाशाचा आत्मा बोलावल्याचं सांगितलं होतं. असल्या खुळचट खटल्यावर किती पैसा उधळला, अशी विचारणा चर्चिलने केली. कायदा 1951 मध्ये रद्द झाला.

मलायातून निवृत्त होऊन आलेल्या जेराल्ड गार्डनर या कस्टम्स अधिकाऱ्याने मग 1954 मध्ये जाहीर केलं की चेटकिणींचा प्राचीन पंथ इंग्लंडमध्ये गुपचूप टिकून आहे. त्याला आधार होता मार्गारेट मरे यांचा. कोलकात्यात जन्मलेल्या या इजिप्ततज्ज्ञ बाईंनी 1921 मध्ये मांडलं होतं की चेटकीण म्हणून मारलेले लोक ख्रिस्तपूर्व धर्माच्या गुप्त संघटनेचे सभासद होते. जुने खटले तपासणाऱ्या इतिहासकारांनी हा सिद्धांत साफ मोडीत काढला. मात्र एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात चेटूकविद्येवरची नोंद 1929 पासून पुढे कितीतरी वर्षं मरेबाईंचीच होती, आणि त्यात हा सिद्धांत सर्वमान्य सत्य असल्यासारखा छापलेला होता.