पन्नास मीटरांपलीकडचा सहकारी

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावर ज्युसियु नावाचा विद्यापीठाचा परिसर आहे. १९६० नंतर तो उभा राहिला, तेव्हा इमारतींना आगीपासून जपण्यासाठी ॲस्बेस्टॉस सढळ हाताने वापरला गेला. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, हे पुढे पक्कं झालं. १ जानेवारी १९९७ पासून फ्रान्सने त्यावर बंदी घातली आणि ज्युसियुच्या इमारतींमधून तो काढायचं प्रचंड काम हाती घेतलं गेलं. इमारतीचा एक भाग रिकामा करायचा, तिथल्या प्रयोगशाळा जागा मिळेल तिथे हलवायच्या, साफ झालेल्या भागात आणखी कुणाला आणायचं, असं सतराएक वर्षं चाललं. कोण कुणाच्या शेजारी जाणार याचा संशोधनाच्या विषयाशी फारसा संबंध नव्हता. खोली कुठे रिकामी आहे, एवढंच पाहिलं जात होतं.

तिथल्या संशोधकांना या बिऱ्हाडबदलाचा किती मनस्ताप झाला असेल! पण ‘माणसं कुठे बसतात यावर ती कुणाबरोबर काम करतात हे ठरतं का?’ हा प्रश्न ज्यांना पडला होता, त्यांना असा प्रयोग पैसे मोजूनही मिळाला नसता.

या प्रश्नात एक मोठी अडचण आहे. शेजारी बसणारे लोक एकत्र काम करताना दिसले, तर शेजारामुळे काम जुळलं की काम जुळलं म्हणून ते शेजारी बसले? कार्यालयात ज्यांचं काम एकमेकांवर अवलंबून असतं त्यांना आपण मुळातच जवळ बसवतो. त्यामुळे नुसती आकडेवारी जमवली तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सांगता येत नाही. त्यासाठी लोकांना चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटायला हव्यात, आणि असं कोणतीही संस्था आपणहून करणार नाही. ज्युसियुमध्ये ते काम ॲस्बेस्टॉसने केलं.

ख्रिश्चन कॅटालिनी या अर्थशास्त्रज्ञाने या हलवाहलवीच्या नोंदी आणि तिथून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध शेजारी ठेवून पाहिले. दोन प्रयोगशाळा योगायोगाने शेजारी आल्या, की त्यांनी मिळून संशोधन करण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट वाढत होती. मला मात्र त्याच्या पुढचे निष्कर्ष जास्त मोलाचे वाटतात. हा परिणाम मुख्यतः अशा जोड्यांमध्ये दिसला, ज्यांना एरवी एकमेकांचा पत्ता लागणं अवघड होतं. आणि एकदा शेजारी राहिलेल्या प्रयोगशाळा पुढे लांब गेल्या, तरी त्यांचं एकत्र काम थांबलं नाही.

म्हणजे जवळ असण्याचा खरा उपयोग माणूस सापडण्यासाठी होतो. आपल्याला कुणाची गरज आहे हे माहीत असेल तर त्याला फोन करता येतो, पत्र लिहिता येतं. पण आपल्या अडलेल्या गणिताचं उत्तर ज्याच्याकडे आहे, तो माणूस अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल तर? त्याला शोधायला आपण निघणारही नाही. तो फक्त भेटू शकतो.

शेजारातून निघालेलं सगळंच उत्तम होतं असं नाही. कॅटालिनीला शेजारी आलेल्या जोड्यांकडून सुमार कामही जास्त मिळालं आणि उत्कृष्ट कामही. ते समजण्यासारखं आहे. शेजारच्याबरोबर काहीतरी करून बघणं सोपं, म्हणून कच्च्या कल्पनाही पुढे ढकलल्या जातात. आणि चांगली कल्पना हाती लागली तर रोज समोरासमोर असल्याने तिच्यावर मेहनतही जास्त होते.

अंतराचा हा हिशेब त्याआधी कितीतरी वर्षं टॉमस ॲलन यांनी मांडला होता. अमेरिकेतल्या एमआयटीचे हे प्राध्यापक. संशोधन करणाऱ्या कंपन्यांमधल्या अभियंत्यांना ते विचारत, कामाबद्दल आज कुणाशी बोललात? मग त्या दोघांच्या जागांमधलं अंतर मोजत. १९७७ साली त्यांनी हे काम पुस्तकरूपाने मांडलं. त्यातला आलेख आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काही मीटरांवर बसणाऱ्यांमध्ये आठवड्यातून एकदा तरी बोलणं होण्याची शक्यता चांगली असते. अंतर वाढतं तशी ती कड्यावरून कोसळावी तशी कोसळते, आणि साधारण पन्नास मीटरांनंतर जवळजवळ सपाट होते. पन्नास मीटर म्हणजे रेल्वेचे जेमतेम दोन डबे! त्यापलीकडे बसणारा माणूस दुसऱ्या इमारतीत असला काय आणि दुसऱ्या गावात असला काय, फारसा फरक राहत नाही.

फोन आणि ईमेलने हे बदललं असेल असं वाटतं. ॲलन यांना उलटंच आढळलं: ज्यांना आपण वरचेवर भेटतो, त्यांनाच फोनही जास्त करतो. २०१७ साली एमआयटीमधल्याच दुसऱ्या गटाने २००४ ते २०१४ या काळातले चाळीस हजारांहून जास्त शोधनिबंध तपासले. तोवर प्रत्येकाच्या टेबलावर इंटरनेट होतं. तरी एकाच जागेत काम करणाऱ्यांनी मिळून निबंध लिहिण्याची शक्यता चारशे मीटरांवर बसणाऱ्यांपेक्षा तिपटीहून जास्त निघाली.

मी स्वतः ज्या कार्यालयात बरीच वर्षं काढली, तिथे हिशेब विभाग आमच्या मजल्यावरून दोन मजले वर गेला. लिफ्ट होती, अंतर्गत फोन होता. पण ज्या शंका पूर्वी चहा पिता पिता मिटायच्या, त्यांची वर्षभरात पत्रं झाली, पत्रांना उत्तरं आली, उत्तरांवर साहेबांच्या सह्या आल्या. भांडण कुणाचंच नव्हतं. मध्ये फक्त एक जिना आला होता.

मग भिंती पाडाव्यात का? ही कल्पना गेल्या काही दशकांत जगभरच्या कंपन्यांनी उचलली. एक लांबरुंद दालन, ओळीने टेबलं, आडोसा कशाचाच नाही. सगळे सगळ्यांना दिसतात, तेव्हा सगळे सगळ्यांशी बोलतील. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली हे प्रत्यक्ष मोजलं. मोठ्या अमेरिकी कंपन्यांची दोन मुख्यालयं त्यांनी निवडली, आणि तिथल्या काही कर्मचाऱ्यांच्या गळ्यात कोण कुणासमोर आहे, बोलतंय का, हे टिपणारे बिल्ले अडकवले. शब्द नाही, फक्त बोलणं होतंय एवढंच टिपणारे. भिंती होत्या तेव्हाची आणि पाडल्यानंतरची मोजणी समोर ठेवली, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं! पहिल्या कंपनीत माणसाचा प्रत्यक्ष बोलण्यातला वेळ दिवसाला ५.८ तासांवरून १.७ तासांवर आला. ईमेल आणि संदेश मात्र वाढले.

याचं नवल वाटायला नको. शंभर जणांच्या देखत ‘मला हे कळलं नाही, जरा समजावून सांग’ असं म्हणायला धीर लागतो. आपला आवाज इतरांना खुपेल या भीतीने माणूस कानाला हेडफोन लावतो आणि दोन हातांवरच्या माणसालाही संदेश धाडतो. दिसणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन इतके बोलत, की इतरांना त्रास नको म्हणून त्यांना मिळून एक वेगळी खोली देण्यात आली. १९५३ साली डीएनएची रचना त्यांनी मांडली. त्या गप्पांना दार होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा भिंत असावी की नसावी, या वादापेक्षा वाटा कुठे एकमेकींना छेदतात ते बघावं. मिशिगन विद्यापीठातल्या जेसन ओवेन-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तेच पाहिलं. आपली खोली, प्रयोगशाळा, लिफ्ट, जवळचं स्वच्छतागृह यांच्यामधली प्रत्येकाची रोजची ये-जा त्यांनी नकाशावर आखली. दोघांच्या वाटा जितक्या जास्त एकमेकींवर येतात, तितकी ते एकत्र काम करण्याची शक्यता वाढते; शंभर फुटांच्या सामायिक वाटेमागे ही वाढ २० टक्क्यांपर्यंत होती.

माक्स पेरुत्झ यांना हे आकडे निघण्याआधीच कळलं होतं. केंब्रिजमध्ये रेण्वीय जीवशास्त्राची त्यांची प्रयोगशाळा १९६२ साली नव्या इमारतीत गेली, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावर कँटीन मागून घेतलं. सकाळची कॉफी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, तिन्ही वेळा सगळ्यांनी तिथे जमावं म्हणून. ते कँटीन त्यांच्या पत्नी गिझेला यांनी वीसहून जास्त वर्षं चालवलं. महागडी उपकरणंही कुणा एकाची नसत. ती वापरायला माणसं एकमेकांच्या दारात जात. पुढच्या दशकांत त्या एका प्रयोगशाळेतून नोबेल विजेत्यांची रांग लागली. त्याचं सगळं श्रेय कँटीनला देणं बरोबर नाही. पण गिझेला पेरुत्झ यांचं नाव विज्ञानाच्या इतिहासात आणखी ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

करोनाच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला, त्यातही ज्युसियुचाच धागा दिसतो. सगळे घरून काम करू लागले तेव्हा आपापल्या गटातलं काम ठीक चाललं. दुसऱ्या गटातल्या लोकांबरोबर जाणारा वेळ मात्र एकूण वेळाच्या हिश्शात सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. सापडलेली माणसं टिकली, नवी सापडणं आटलं.

आणि इथे मला पुण्याची ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आठवते. १९८८ साली ती स्थापन झाली, जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या संस्थेत सुरुवातीपासून होते. लोकांच्या सहज गाठी पडाव्यात म्हणून हॉईल यांनी ती मुद्दाम बैठ्या इमारतीत मांडली होती. आयुकाचा परिसर चार्ल्स कोरिया यांनी आखला, मधोमध कुंड आणि भोवती ये-जा. पण आयुकाची खरी गोष्ट पाहुण्यांची आहे. देशभरच्या विद्यापीठांमध्ये आणि महाविद्यालयांमध्ये खगोलशास्त्र करणारा माणूस बहुतेक वेळा विभागात एकटाच असतो. पन्नास मीटर सोडा, पन्नास कोसांत त्याच्याशी त्याच्या विषयावर बोलणारं कुणी नसतं. असे प्राध्यापक आयुकाचे सहयोगी म्हणून काही आठवडे येऊन राहतात, तिथल्या लोकांबरोबर जेवतात, फळ्यासमोर उभे राहतात आणि परत आपल्या गावी जातात. निबंध पुढे ईमेलवर लिहून होतो.