तीनशे वर्षांचा तरणा, पंचाहत्तरीतला म्हातारा

आजी गेल्यावर घरातली पत्र्याची पेटी विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाला द्यायचं ठरलं. वरच्या थरात आजोबांचे कागद होते: १९४७-४८ सालची पत्रं, निजामाच्या राजवटीविरुद्धची सायक्लोस्टाइल पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, दोनचार वह्या. तळाशी लाल कापडात करकचून बांधलेलं एक गाठोडं. मोडी घरात कुणालाच येत नाही, त्यामुळे ते दोन पिढ्यांत कुणी सोडलंही नव्हतं.

‘खालचं जपून काढा हं बाई,’ मी विभागातल्या बाईंना म्हणालो. ‘फार जुनं आहे, हातात चुरा होईल.’

बाईंनी गाठ सोडली, आतली लांबट घडी उचलली, आणि कागद धुतलेल्या धोतरासारखा निमूट उलगडला. काठ जरा कुरतडलेले, बाकी शाबूत. काळी अक्षरं काल लिहिल्यासारखी. लिहिण्याच्या वळणावरून आणि कागदावरून तीनशे वर्षांच्या आसपासचं असावं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आजोबांचं एक पत्र घेतलं. घडी उघडायला गेल्या तशी ती पापडासारखी मोडली. ‘सर, जपायचं ते वरचं होतं,’ त्या म्हणाल्या.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. सेल्युलोजचं हायड्रॉलिसिस फळ्यावर दरवर्षी लिहितो. ते असं आजोबांच्या अक्षरासकट हातात मोडेल असं काही वाटलं नव्हतं.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी एकामागे एक ओवलेली माळ. माळा लांब असतात तोवर कागद कितीही घड्या सोसतो. हवेतला ओलावा आणि कागदातलं आम्ल एकत्र आलं की दोन मण्यांमधला दुवा तुटतो, हेच हायड्रॉलिसिस. यातली खरी गोम अशी की दुवा तोडताना आम्ल खर्ची पडत नाही. ते पुढच्या दुव्याकडे वळतं. शिवाय कागद सडताना त्यातूनच नवी आम्लं तयार होतात. म्हणजे सावकारी व्याज. माळांचे तुकडे पडत गेले की कागद दिसायला तोच राहतो, फक्त घडीवर मान टाकतो.

तेव्हा कागदाचं वय विचारण्यापेक्षा तो जन्माला येताना पोटात किती आम्ल घेऊन आला हे विचारावं.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इकडे आणली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले असं सांगतात. तुघलकाच्या त्या उद्योगाला आपण आजही हसतो, पण कागदाची विद्या त्याच रस्त्याने आली असेल तर मराठवाड्याचा त्यात फायदाच झाला. ‘दौलताबादी’ कागद जुन्या दप्तरांत नावानिशी ओळखला जायचा. तो व्हायचा चिंध्या, गोणपाट, जुनी दोरखंडं यांपासून. चिंध्या चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं. लगदा हौदात कालवून साच्यावर उचलायचा आणि वाळवायचा. वाळलेल्या तावाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. कापसाच्या चिंधीत सेल्युलोजच्या माळा मुळातच लांब. वर चुना हा अल्कली, तो थोडा कागदात मागे राहतो आणि पुढे येणारं आम्ल गिळत बसतो. कागजीला हे सूत्र ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला चिंध्या मऊ करायच्या होत्या.

आजोबांचा कागद दुसऱ्या घराण्यातला. एकोणिसाव्या शतकात कागदाची मागणी वाढली, चिंध्या पुरेनात आणि कारखाने लाकडाकडे वळले. दळलेल्या लाकडात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि आम्ल सोडतं. वर्तमानपत्र गच्चीवर विसरलं तर दोन दिवसांत रंग बदलतं, ते त्यामुळे. भरीला खळीची जागा राळ आणि तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियम सल्फेटने घेतली. ही युक्ती जर्मनीतल्या मोरित्झ इलिगने १८०७ मध्ये प्रसिद्ध केली. स्वस्त, झटपट, आणि दमट हवेत हळूहळू सल्फ्युरिक आम्ल देणारी. त्यात आजोबांची पत्रं महायुद्धाच्या टंचाईला लागून आलेल्या वर्षांतली. मिळेल त्या चिटोऱ्यावर लिहिलेली.

शाईचाही हिशेब निराळा. गाठोड्यातली शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन. ना तो उन्हाने विटतो, ना हवेने बदलतो. मात्र ही शाई कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने वर बसते. ओलं बोट लागलं की अक्षर गेलं. दुसरी जुनी शाई हिरडा आणि हिराकस यांची. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून काळा रंग होतो, तो तंतूंत शिरतो, पाण्याला दाद देत नाही. पण उरलेलं लोह आणि आम्ल त्याच जागी कागद खात राहतं. काही पानांत अक्षरांच्या जागी नुसती जाळी उरते. दोन्ही शाया डोळ्यांना काळ्याच दिसतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो काढला की कार्बनची काळीच राहते आणि हिराकशीची फिकट होत जवळजवळ नाहीशी होते. एकाच कागदावर मागाहून कुणी दुसऱ्या शाईने भर घातली असेल तर ती अशी सापडते.

बाईंनी एका पानावरचा पिवळा ठिपका दाखवला. एका अक्षरावर रंग चोपडून वर दुसरं अक्षर काढलेलं. ‘हा हरताळ.’ आपण तत्त्वांना हरताळ फासतो तो हाच. दुकानं बंद ठेवायचा हरताळ वेगळा, तो बाजाराच्या कुलपातून आलेला. लिहिणाऱ्याची चूक झाली की पिवळा हरताळ लावून ती झाकायची, आजच्या व्हाइटनरसारखी. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. विषारी, म्हणून कीड त्याच्या वाटेला जात नाही. पोथीचे सबंध कागदही कधी कधी हरताळाने रंगवत. तेव्हा जुनी पोथी चाळताना बोट जिभेला लावून पान उलटू नये. आपल्याकडच्या निम्म्या वाचकांना ही सवय आहे, मलाही होती.

चुका मात्र नकलेगणिक वाढतच जातात. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची. पुढच्या तीन शतकांत तिच्या इतक्या नकला झाल्या की पाठ भ्रष्ट झाले, आणि पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आज जीवशास्त्रज्ञ जनुकांतल्या बदलांवरून प्राण्यांचा वंशवृक्ष काढतात. सामायिक चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीची लेक हे ठरवण्याचं तर्कशास्त्र तेच.

जुने नकलनवीस पोथीच्या शेवटी एक श्लोक हमखास लिहीत: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’. तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. तेल आणि पाणी कुणालाही कळेल. सैल बांधणी का? कारण घट्ट बासनात हवा कमी खेळते, धूळ शिरत नाही, कसर शिरायला फट सापडत नाही. कसर, ती चंदेरी सळसळणारी, कागदातली खळ चाटायला येते. सुती कापड बाहेरचा ओलावा स्वतः शोषून आतला चढउतार सौम्य करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे तशी हवा पावसाळ्यातच असते. उन्हाळ्यातली ४२ अंशांची धग कागद म्हातारा करते खरी, पण हायड्रॉलिसिसला पाणीही लागतं आणि त्या दिवसांत ते हवेत नसतं. लाल रंगाला कीड भिते वगैरे मी सोडून देतो. काम करते ती दाट वीण आणि घट्ट गाठ. एखादा विषय बासनात गुंडाळला म्हणजे तो संपला, असं आपण धरून चालतो. कागदाच्या बाबतीत नेमकं उलटं. बासनात वेखंडाचा तुकडाही होता. त्यातलं ॲसारोन किड्यांना मारक असतं.

आता आमचे प्रताप. आईने मायेपोटी आजोबांचं सन्मानपत्र बसस्टँडजवळच्या एका दुकानात लॅमिनेट करून आणलं होतं. गरम प्लास्टिक आणि चिकटा कागदाच्या तंतूंत गेलेला, आतलं आम्ल आतच कोंडलेलं. ‘हे आता निघत नाही,’ बाई म्हणाल्या, आणि फोटो काढून बाजूला ठेवलं. फाटक्या पत्रांना मीच शाळेत असताना सेलोटेप लावला होता. टेप गळून पडला होता, त्याचे तपकिरी पट्टे राहिले होते. शिवाय आईने सगळी पत्रं नावांप्रमाणे लावून ठेवलेली. तारीख नसलेल्या पत्राचं साल त्याच्या वरखाली काय होतं यावरून कळतं, म्हणून दप्तरखान्यात मूळ क्रम हलवत नाहीत. तो क्रम आमच्या टापटिपीत गेला. सुदैवाने वह्यांना कुणी हात लावला नव्हता. एका वहीत एका टोकाकडून मराठी सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाकडून उर्दू, कारण आजोबांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. दोन्ही लिखाणं मधल्या पानावर समोरासमोर येऊन थांबतात.

आम्लावरचा इलाज ऐकून मला हसू आलं. चुन्याची निवळी! फाटका कागद तिच्यात थोडा वेळ बुडवायचा, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात. आम्ल मरतं, आणि वाळल्यावर तंतूंमध्ये कॅल्शियम कार्बोनेट शिल्लक राहतं, पुढच्या आम्लासाठी. कागजीपुऱ्यातल्या हौदाचं काम ताटाएवढ्या ट्रेमध्ये. तुटलेले माळांचे मणी त्याने पुन्हा जुळत नाहीत. त्यासाठी मागून जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, गव्हाच्या पातळ खळीने. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, आणि नंतर कुणाला याहून बरा उपाय सापडला तर आपलं काम सोडवता आलं पाहिजे, म्हणून ती वापरतात.

आजोबांचं मोडलेलं पत्र बाईंनी ट्रेजवळ आणलं. आधी बारीक कुंचल्याने अक्षराच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लावला, वर टिपकागद दाबला. टिपकागदावर जांभळा डाग उमटला. कॉपिंग पेन्सिल, जिभेला लावून लिहायची ती. तिच्यातला जांभळा रंग पाण्यात विरघळतो.

बाईंनी ट्रे बाजूला सारला. पत्राचे तुकडे कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या कागदाच्या दोन तावांमध्ये ठेवले, पाकिटावर शिसपेन्सिलीने नंबर घातला आणि ‘पाण्यात घालू नये’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.